मथळ्यातला धर्म

‘वाद धर्मामुळे होतो, वृत्तपत्रे केवळ बातमी देतात,’ हे मत मला मान्य नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात चिथावणीखोर वृत्तपत्रीय लिखाणाचीही नोंद आहे. अलीकडेच दादर स्थानकाबाहेर घेतलेल्या एका दैनिकात संशयिताचा धर्म पहिल्या पानाच्या मथळ्यातच होता आणि तो निर्दोष सुटल्याची बातमी नंतर आतल्या पानावर, जाहिरातीखाली, चार ओळींत उरकली होती. हिंदी चित्रपटांनी तर वर्षानुवर्षे खलनायकाच्या डोळ्यांत सुरमा आणि ख्रिस्ती पात्राच्या हाती बाटली दिली. वांद्र्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना ते अजूनही बोचते. प्रदर्शनाआधी ‘भावना दुखावल्या’ची बातमी रोज छापली, की निर्मात्याला फुकट प्रसिद्धी मिळते आणि वृत्तपत्राचा खपही वाढतो.