नाटकापायी ८.४ वरून ७.१: कॉलेजच्या मार्कांना नेमकी किती किंमत?

ताईगिरी
धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, थर्ड इयर कॉम्प्युटर. फर्स्ट इयरला सीजीपीए दहापैकी ८.४ होता, आता ७.१ वर आलाय आणि एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. कारण एकच, पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. बरं, स्टेजवर असता तर आईला चार लोकांत सांगता तरी आलं असतं. हा लाइट्स करतो! ऑगस्टभर तालमी, रात्री साडेअकराला घरी, सकाळच्या प्रॅक्टिकलला दांडी. यंदा प्राथमिक फेरी आणि इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) एकाच आठवड्यात आल्या. आई रोज बोलते. बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

मी स्वतः ९.१ वाली. कॉलेजात लायब्ररीपलीकडे काही पाहिलं नाही. आठ वर्षं नोकरी करतेय आणि पहिल्या मुलाखतीनंतर माझा सीजीपीए कुणीही विचारलेला नाही. त्यामुळे मी मनातून त्याच्या बाजूची आहे. मतं सांगा. फक्त 'दोन्हींचा समतोल साधावा' हे नको, ते आमच्या आईलाही येतं.

कट-ऑफ काका
पहिल्या मुलाखतीनंतर कुणी विचारलं नाही, कबूल. पण त्या पहिल्या मुलाखतीला तुम्हाला बसू कशामुळे दिलं?

मी बारा वर्षं गणित शिकवता शिकवता प्लेसमेंटचं काम केलं. मुलं कंपनीसमोर नंतर जातात, आधी एक्सेल शीट जाते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, डिग्री, सगळीकडे ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको, ही बहुतेक मोठ्या सर्व्हिस कंपन्यांची अट. कॉलम फिल्टर केला की माणूस गायब. आमच्याकडे एक मुलगा होता, काय बोलायचा! एकच विषय राहिलेला. कंपनी येऊन गेली आणि सहा दिवसांनी निकाल लागला. पास झाला होता. उपयोग काय?

तुमच्या भावाचा ७.१ मला अजिबात खुपत नाही. एम-थ्री खुपतो.

विंगेतून
काका, सगळं आयुष्य त्या शीटमध्ये बसवू नका. डॉ. श्रीराम लागू, मोहन आगाशे, जब्बार पटेल, तिघेही पुण्याच्या बीजे मेडिकलचे. त्यांच्या घरच्यांनी तालमी बंद केल्या असत्या तर मराठी रंगभूमीचं काय झालं असतं?

शंकासुर
आले, बीजेचे तिघे आले! या विषयावर ते आल्याशिवाय राहत नाहीत. अहो, पण तिघेही आधी डॉक्टर झाले. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ ला पूर्णवेळ नाटकात उतरले तेव्हा चाळिशी उलटली होती. जब्बार पटेलांनी दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवला. आगाशे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक. तुमचे साक्षीदार माझ्या बाजूने बोलतायत.

विंगेतून
हरकत नाही. मग सांगा, लागूंना एमबीबीएसला किती मार्क होते? नाही ना माहीत? मलाही नाही. पास होते, तेवढं पुरलं.

एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, पदवी लागते, टक्केवारी नाही. उलट किमान सहा नाटकांतला सहभाग दाखवावा लागतो. एमपीएससीच्या राज्यसेवेलाही पदवी पुरते. आणि लाइट्सवाल्याला कमी लेखू नका. तासाभराच्या एकांकिकेत एक क्यू दोन सेकंद उशिरा पडला तर नटाचं मरणही विनोदी होतं, आणि पुन्हा टेक नसतो. २०२२ ला परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, त्या दर्जाची एकांकिकाच नाही म्हणून. आमच्या इंजिनिअरिंगला मात्र ग्रेस मिळतात.

लातूर एक्स्प्रेस
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. 'सीजीपीए कुणी विचारत नाही' हे वाक्य पुण्यात स्वतःचं घर असलेली माणसंच बोलतात. ताई, राग मानू नका. नोकरी सहा महिने उशिरा लागली तर तुमच्या भावाला घरचं जेवण आहे. माझ्यामागे हॉस्टेल, मेस आणि एज्युकेशन लोन होतं. कोर्स संपल्यावर वर्षभरात हप्ता सुरू. वडिलांनी सही केली ती शेत डोळ्यांपुढे ठेवून. सेकंड इयरला कबड्डी सोडली. चुकलो असं वाटत नाही. पण मार्कांना किंमत नाही असं मला कुणी सांगू नये. मला जी काही किंमत आली ती मार्कांमुळेच, कारण माझ्याकडे दुसरं दाखवायला काही नव्हतं.

बर्फातला बंडू
इकडे परदेशात एमएसला यायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्ट ओळ न् ओळ पाहिली जाते, एवढंच सांगतो. ७.१ वर यादी आखडते. नसेल विचार तर सोडून द्या.

ताईगिरी
लातूर एक्स्प्रेस, राग नाही आला, लाज वाटली थोडी. घरच्या जेवणाचा हिशोब मी धरलाच नव्हता. माझं मत बदललं असं नाही, पण 'कुणी विचारत नाही' हे त्याच्यासमोर यापुढे बोलणार नाही.

भावाला धागा वाचायला दिला. बीजेचं वाचून खूश झाला, काकांचं वाचून गप्प. एम-थ्रीचा फॉर्म भरलाय म्हणाला, आणि आज सकाळी खरंच फुरिए ट्रान्सफॉर्म घेऊन बसला होता. तालीम मात्र चालूच. विचारलं तर म्हणतो, "ताई, आमच्या दिग्दर्शकाचे दोन बॅक आहेत. तोही येतो अभ्यासाला." काका, हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं की वाईट?

कट-ऑफ काका
दिग्दर्शकाचे कोणते दोन?