मदत हवी आहे: राखणीच्या कुत्र्यानेच कोंबडी मारली

नमस्कार मंडळी,

परसात १२ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोल्ह्याने आधीच्या पाच नेल्या, म्हणून राखणीला ग्रेट पिरेनीज जातीचं पिल्लू आणलं. मोती आठ आठवड्यांचा असताना आला, आता दहा महिन्यांचा आहे आणि वजन ४० किलोच्या पुढे गेलंय. रात्रभर कुंपणाच्या कडेने फिरतो, भुंकतो. तो आल्यापासून कोल्हा फिरकलेला नाही.

दिवसा मी त्याला कोंबड्यांत सोडते, पण समोर उभी राहून. परवा पाणी आणायला पाचच मिनिटं आत गेले. परत आले तर एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) मरून पडलेली. रक्त नाही, जखम नाही, पिसं तेवढी लाळेने भिजलेली. मोती तिला पंजाने हलवत होता, ती का उठत नाही म्हणून. तेव्हापासून मला झोप नाही.

घरचे म्हणतात, एकदा चटक लागली की सुटत नाही, देऊन टाक. एकाने सांगितलं, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा. मला ते करवत नाही. थोराड कोंबड्या त्याच्या अंगाला टेकून बसतात, त्यांना तो काही करत नाही. धावतो तो फडफडणाऱ्या तलंगांमागेच. हा सुधारेल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, देऊन टाकू नका. तुम्ही जे वर्णन केलंय ती शिकार नाही, खेळ आहे. राखणीच्या कुत्र्यांच्या या जाती पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्यांत वाढल्या. पिल्लाने मस्ती केली तर मेंढी धडक देऊन त्याला जागेवर आणते. कोंबडी ओरडते, उडते, पळते, आणि पोरसवदा कुत्र्याला तेच हवं असतं. अंगाने तो मोठा दिसत असला तरी या कुत्र्यांना समज यायला दीड ते दोन वर्षं लागतात. तोवर पाच मिनिटंसुद्धा एकट्याच्या भरवशावर ठेवायचं नाही.

लांब दोरी बांधा. आधी भरपूर फिरवून दमवा, मग कोंबड्यांत न्या. शांत पडून राहिला की शाबासकी द्या. नजर एका कोंबडीवर खिळली, अंग ताठ झालं किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केला, की त्याच क्षणी हाक मारून वळवा. पळायला लागल्यावर ओरडून उपयोग नाही. त्याचं खाणं मात्र पूर्ण वेगळीकडे द्या. कोंबड्या ताटलीत चोच घालतात आणि एरवी गरीब असलेला कुत्राही अन्नावरून चावतो.

गळ्यात मेलेली कोंबडी बांधणं विसरा. त्याला त्याचा संबंध कळत नाही, नुसता छळ होतो.

आणि एक लक्षात घ्या, राखण करायला त्याने कोंबड्यांत असायलाच हवं असं नाही. जाळीच्या बाहेरून फिरला तरी त्याचा वास आणि आवाज कोल्ह्याला पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची संख्या दहाच्या आत आणली होती. तिथे २००६ पासून मारेम्मा जातीचे कुत्रे राखणीला ठेवले. ही कल्पना सुचवणारा माणूस कोंबड्याच पाळायचा आणि त्यांच्यासाठी हेच कुत्रे ठेवायचा.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक भर घालते. आमची अनातोलियन (हीदेखील राखणीच्या कुत्र्यांचीच जात) दोन वर्षांची झाली, शेळ्यांत उत्तम वागते, पण कोंबड्यांत आजही तिच्यावर भरवसा नाही. ती कुंपणाबाहेरच असते आणि काम चोख करते. आणि तलंगांचे एका बाजूच्या पंखाचे लांब पीस कातरा. बऱ्याचदा तलंगाच जाळीवरून उडून कुत्र्याच्या बाजूला उतरतात.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. आजपासून दोरी, आणि खुराड्याभोवती दुसरी जाळी घेते, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात मोती फिरेल. हा पट्टा किती रुंद ठेवू? त्याला धावायला पुरेसा हवा, पण जाळीपाशी अडकून बसायला नको.