विषय: वडसा भागातली स्विंग कार्यशाळा – आधी सहा ठोके की आठ?

प्रेषक: नृत्यवर्ग गट

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या अखेरीस वडसा-देसाईगंज भागात ठरलेल्या लिंडी हॉप, म्हणजे स्विंग संगीतावर जोडीने करायच्या नाचाच्या कार्यशाळेचा कच्चा आराखडा देतेय. दहा दिवस, रोज दोन तास, चोवीस जण. चोवीसही जण उत्तम नाचले पाहिजेत असा आग्रह नाही. आपण परतल्यावर वर्ग चालू ठेवतील अशा तीन-चार शिक्षक-जोड्या तयार व्हायला हव्यात.

दिवस १ आणि २ : सहा ठोक्यांचं मूळ पाऊल, म्हणजे रॉक स्टेप (एक पाय मागे, दुसरा जागेवर), ट्रिपल (दोन ठोक्यांत तीन पावलं), ट्रिपल.
दिवस ३ आणि ४ : त्यावरच्या गिरक्या, जागा बदलणं.
दिवस ५ ते ८ : आठ ठोके, स्विंगआउट (जोडीदार जवळ येऊन पुन्हा लांब जातो ते पाऊल).
दिवस ९ आणि १० : चार्ल्सटन (लाथांची पावलं) आणि उजळणी.

गाणी मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची. जागा शाळेचं मैदान, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. गावाकडच्या मंडळींनी काय खटकतंय ते मोकळेपणी सांगावं.

---

प्रेषक: गावाकडची व्यवस्था

ताई, नमस्कार जी.

महिना बरोबर निवडला. धानाची कापणी-मळणी आटोपलेली असते, मोहफुलं वेचायला अजून वेळ असते. बाकी मात्र बरंच हलवावं लागते.

मैदान नको. मुरमावर मागे पाय टाकला की खडा टाचेखाली येते आणि घोटा मुरगळते. सारवलेलं अंगण पहिला अर्धा तास बरं वाटते, मग टाचांनी पोपडे निघतात आणि धूळ नाकात जाते. समाजमंदिरात घोटलेला कोबा आहे, साधारण २० बाय २५ फूट. बारा जोड्या गोलात मावतात, सरळ पट्टीत लांब जाणारं पाऊल घेतलं तर सहाच. गुळगुळीत व्हावं म्हणून कोणी कॅरमची पावडर टाकायचं म्हणेल, टाकू देऊ नका. एक घसरते, दुसऱ्याले खोकला होते.

कोब्यावर अनवाणी गिरकी घेतली की पंज्याची कातडी सोलते. रबरी तळाचा बूट तर चिकटूनच बसते, पाय तिथेच आणि गुडघा फिरून गेलेला. पायात जुने, तळ झिजलेले कापडी बूट हवेत. शिकवतानाच सांगा : पंज्यावर गर्रकन फिरू नका, छोटी-छोटी पावलं टाकत वळा.

वेळ दुपारी तीन ते पाच ठेवा. सहाले बायामाणसं चुलीपाशी असतात, मग वर्गात निव्वळ पोरं उरतील. वडशाच्या नाटक कंपन्यांतले नाचणारे शिक्षक म्हणून घेऊ, असं मागच्या मेलमध्ये कोणीतरी सुचवलं होतं. झाडीपट्टी नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होते तो होळीच्या आसपासपर्यंत. रात्रभर प्रयोग, दिवसा झोप. जानेवारीत ते दहा दिवस सलग मिळणार नाहीत बाप्पा. त्यापेक्षा शाळेत लेझीम शिकवणारे गुरुजी, भजनी मंडळातला ढोलकीवाला, दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, उभी राहणारी मंडळी घ्या. यांना घोळक्याला एका तालात चालवायची सवय असते. नाचता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

आता मुद्द्याचं. सहा आधी शिकवून राहिले, ते उलटं करा. इथल्या कानाले आठ लागते. भजनातला केहरवा आठ मात्रांचा, लेझीमचे हात चार आणि आठ आवाजांचे. सहाच्या पावलात दुसरा फेरा सातव्या ठोक्यावर सुरू होते, आणि ढोलकीवाल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते नवव्यावर. ज्याचा कान चांगला, तोच आधी अडखळते. त्याले वाटते आपण चुकलो, म्हणून थांबते. बेताल माणूस मात्र खुशाल नाचत राहते, आणि शिक्षकाले तोच हुशार वाटते.

---

प्रेषक: नृत्यवर्ग गट

भाऊ, शेवटचं वाक्य इथल्या वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

सहा आधी शिकवण्यामागे कारण आहे. लक्षात ठेवायला कमी आणि गिरक्या त्यात सहज बसतात. आठ ठोक्यांच्या स्विंगआउटमध्ये जोडीदार जवळ येतो, दोघं मिळून फिरतात आणि तो पुन्हा लांब जातो. दोन दिवसांच्या नवशिक्याला हे दिलं की तो हात ओढतो, आणि समोरच्याचा खांदा दुखावतो. तेव्हा आठ आधी घेऊ, पण स्विंगआउट आधी नको. असा क्रम कसा वाटतो?

पहिले दोन दिवस एकट्याने, ओळीत. शिम शॅम घेऊ. मूळचा टॅप नाचणाऱ्यांचा हा क्रम पुढे स्विंगवाल्यांनी उचलला. लेझीमसारख्या ओळी, हात धरायचा प्रश्नच नाही. सोबत आठ ठोक्यांचं चार्ल्सटन : १ ला डावा मागे, २ ला उजवा जागेवर, ३ ला डाव्याची लाथ पुढे, ४ ला डावा टेकवा, ५ ला उजव्याची लाथ पुढे, ६ ला गुडघा मोडून पाय परत, ७ ला तोच पाय मागे, ८ ला टेकवा. चूक हमखास सहाव्यावर होते. तिथे पाय टेकत नाही, पण लोक टेकवतात आणि सातव्याला कोणता पाय मोकळा हेच कळत नाही. लाथ गुडघ्याखालून आणि बुटक्या उंचीची. कमरेपासून फेकली की तोल मागे जातो आणि पुढची ओळ मार खाते.

तिसऱ्या दिवसापासून जोडीने, पण हात न धरता. खांद्यावरचा दुपट्टा पीळ देऊन घ्यायचा, दोघांमध्ये साधारण तीन-चार फूट राहील इतका, आणि एकेक टोक दोघांनी धरायचं. एकाने मागे पाऊल टाकलं की आधी दुपट्ट्यातला झोल जातो, मग समोरच्याला कळतं. झोल जायच्या आधीच जो हलला, तो अंदाजाने नाचतोय. झोल गेल्यावरही जो हिसका देतो, तो ओढतोय. दोन्ही दोष शिक्षकाला लांबून दिसतात, हातात हात असताना दिसत नाहीत. परक्या स्त्री-पुरुषांनी पहिल्याच दिवशी हात धरायचा संकोचही त्यात विरतो.

हात धरायची वेळ आली की बोटं हुकासारखी वाकवायची आणि अंगठा मोकळा ठेवायचा. अंगठा आवळला की गिरकीत समोरच्याचं मनगट अडकतं, आणि दुखापत होते.

सहा ठोके सहाव्या दिवशी. तालाच्या माणसांना एवढंच सांगायचं : सहाचे चार फेरे म्हणजे चोवीस, आठाचे तीन फेरेही चोवीस, तिथे सम गाठायची.

---

प्रेषक: मंडळातले तबल्याचे काका

मुलांनो, चोवीसचं गणित सांगितल्यावर ढोलकीवाला त्याकडे तिहाईसारखं, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्यासारखं बघेल आणि खूश होईल. पण तालाच्या माणसांचीच दोन जागी फसगत होते.

पहिली, टाळी. आपली टाळी समेवर पडते. स्विंगमध्ये वजन दोन आणि चारवर असतं. वर्गाची पहिली पाच मिनिटं पायाने चारही ठोके आणि टाळी फक्त २, ४, ६, ८ वर, एवढंच करा. ढोलकीवाल्याला साथीला बसवलंत तर धुम, म्हणजे जाड आवाजाची बाजू, अगदी हलका ठेवायला सांगा. चारही ठोके सारख्या अंतराचे, शाईच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूकडून दोन-चारला किंचित जोर. एकवर दणका दिला की सगळा वर्ग समेवर उडी मारतो आणि नाचाचा मिरवणुकीतला ढोल होतो.

दुसरी, ट्रिपल. '३-आणि-४' मधला 'आणि' बरोबर मध्यावर येत नाही. एका ठोक्याचे तीन भाग करा, पहिले दोन जोडा, तिसऱ्यावर मधलं हलकं पाऊल येतं. तोंडाने 'दाऽऽ-दि-दा'. दादरा तालातली जलद लग्गी ऐकलेल्याला हे झोकदार वाटेल. फार झोका दिला की मात्र घोड्याची दुडकी होते : डोकं वरखाली, टाचा आपटतायत. उपाय म्हणजे डोक्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून ट्रिपल करायला लावा. उसळी गुडघ्यात मुरली पाहिजे, डोक्यापर्यंत पोचता कामा नये. लय वाढत जाते तसे ठोक्याचे ते लांब-आखूड दोन भाग सारखे होत जातात, म्हणून जलद गाण्यात झोका हट्टाने धरू नये.

गाणी फोनवर आधी उतरवून घ्या, गावात रेंजवर भिस्त नको. ठोके मोजायची सोपी रीत : पंधरा सेकंदांत मोजा, चारने गुणा. तीस आले तर १२०. गतिमान गाणं ॲपवर मंद करून वाजवू नका. १८० चं गाणं १२० वर आणलं की ड्रम चिखलात बुडाल्यासारखे ऐकू येतात. मुळातच संथ गाणी काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची भरपूर आहेत. चिक वेबही ऐकवा. तो न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहातल्या वाद्यवृंदाचा प्रमुख आणि स्वतः ड्रमवादक, ढोलकीवाल्याला आपला माणूस वाटेल.

आणि हा नाच कुणाचा, हे पहिल्याच दिवशी सांगा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला. सॅव्हॉय बॉलरूम १९२६ ला उघडलं, १९५८ ला बंद झालं. बाहेर वर्णभेद असताना तिथे काळे-गोरे एकाच तळावर नाचत. लिंडी हॉपचा नामांकित नर्तक फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) मधली कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरीला होता आणि १९८० च्या दशकात पुन्हा शिकवू लागला. आजचे बरेच शिक्षक त्याच्या हाताखालून किंवा त्याच्या शिष्यांकडून आलेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४ चंच. संबंध काही नाही, पण गुरुजींना साल लक्षात राहील.

---

प्रेषक: गावाकडची व्यवस्था

काका, साल गुरुजी विसरणार नाहीत.

शब्दांचं ठरवा. 'लीड' आणि 'फॉलो'ले कोणी 'नेणारा' आणि 'मागे चालणारी' म्हटलं तर इथं त्याचा भलताच अर्थ लागते. 'ठेका देणारा' आणि 'संगत करणारा' म्हणा. भजनात संगत करणारा कोणाच्या मागे फरफटत जात नाही. तो ऐकते आणि जागा भरते. माणूस-बाई असं वाटूनही देऊ नका. दोन्ही बाजू सगळ्यांना शिकवा, शिक्षकाले तर दोन्ही यायलाच पाह्यजे. बायांच्या जोड्या बायांसोबत राहू द्या, हळूहळू मिसळतात.

दर तीन-चार मिनिटांनी जोडीदार बदला. दोन गोल, आतला जागेवर, बाहेरचा एक घर सरकते. एखादा जास्तीचा उरला तर तो टाळी धरते, बसत नाही. नवरा-बायकोले कायमचं सोबत ठेवलं की दोघं एकमेकांच्या चुका सांभाळून घेतात, आणि तिसऱ्यासोबत एकालाही नाचता येत नाही.

पोरं व्हिडिओ पाहून उचलून फेकायच्या उड्या मागतील. कोब्यावर नाही म्हणजे नाही.

---

प्रेषक: नृत्यवर्ग गट

उड्यांवर सहमत. त्या प्रकाराची सुरुवात मॅनिंगने १९३५ मध्ये स्पर्धेसाठी केली होती, तीही सरावानंतर. रोजच्या नाचात त्या नसतातच, एवढं पोरांना सांगितलं की पुरे.

शिक्षक-जोड्यांसाठी : चौथ्या दिवसापासून रोज एका गावच्या जोडीने वर्गातली दहा मिनिटं घ्यायची. एक वाक्य बोलायचं आणि दोन मिनिटं नाचवायचं. नवा शिक्षक हमखास उलट करतो. एका वेळी एकच चूक सुधारायची, आणि तीही या क्रमाने : ठेका, वजन कोणत्या पायावर आहे, हात, सगळ्यात शेवटी पाऊल. पाऊल चुकलेलं पटकन दिसतं म्हणून सगळे तेच आधी पकडतात. ठेका सुटलेल्याला पाऊल दाखवून काही उपयोग होत नाही. जोडीतल्या दोघांनी एकमेकांचं वाक्य वर्गासमोर दुरुस्त करायचं नाही, ते नंतर चहाला. नववा आणि दहावा दिवस पूर्ण वर्ग त्यांचाच. आपल्यातले दोघे मागच्या ओळीत नाचतील. वर्गातल्या कुणी मान वळवून विचारलं तर पुढे बोट दाखवतील.

एक राहिलं. स्विंगआउटच्या दिवसांसाठी प्लायचा तळ टाकता येईल का? १८ मिलिमीटरच्या, ८ बाय ४ च्या सहा शीट, म्हणजे १६ बाय १२ फूट. चार जोड्या आळीपाळीने.

---

प्रेषक: गावाकडची व्यवस्था

प्लाय मिळते. सांधे खालून पट्टीने जोडतो आणि स्क्रूची डोकी बुडवून घेतो, नाही तर बूट अडकते. खाली जुनं कार्पेट अंथरतो, प्लाय सरकत नाही आणि आवाजही घुमत नाही. कडेले पांढरी टेप लावतो, मागे जाणाऱ्याले कड दिसत नाही. स्पीकर बॅटरीवाला आणजा ताई, तीन ते पाचमध्ये लाईट जाते कधीकधी.