मदत हवी आहे: भाऊ दिवसभर वाचतोय, पेपर हातात आला की सगळं कोरं

पूर्वभाग_अक्का, रात्री 10.50
लवकर सांगा कुणीतरी. भाऊ रोज आठ-नऊ तास पुस्तक घेऊन बसायलाय. सगळं तीनदा वाचून झालंय म्हणतो. आणि प्रिलिमला 40 पैकी 14 आणि 17. मी घरी विचारलं की धडाधड सांगतो, पेपर समोर आला की काहीच आठवत नाही म्हणतो. महिना राहिलाय. उजळणी नेमकी करायची कशी, तेवढं सांगा. क्लास लावा म्हणू नका, आता मध्येच कोण घेणार आणि तेवढे पैसेही नाहीत.

बाळेकर, रात्री 11.05
दहावी का बारावी? 14 कशात, 17 कशात? मीडियम कुठलं?

पूर्वभाग_अक्का, रात्री 11.08
दहावीच की ओ, प्रिलिम म्हटलं ना. 14 भूमितीत, 17 विज्ञान एकला. बाकीच्यात पास आहे.

होटगीरोड_बाबा, रात्री 11.20
प्रिलिम बारावीलाही असते ताई, म्हणून विचारलं असेल त्यांनी. माझं ऐका, पहाटे चारला उठवा. माझ्या दोन्ही मुलांना चारला उठवून बसवलं, मोठीला 89 टक्के पडले. त्या वेळेला डोकं स्वच्छ असतं. आणि मोठ्यानं वाचायला लावा. आमच्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मी मोठ्यानं वाचताना अडखळलो की तिला बरोबर कळायचं.

नवीपेठ_आई, रात्री 11.31
चारला उठवायचं असेल तर झोपतो कधी, ते आधी विचारा. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी दहावीला होता. रात्री एकपर्यंत जागायचा आणि मी पहाटे उठवायची. मराठीच्या पेपरला बाकावर डोकं टेकून झोपला होता, पर्यवेक्षक बाईंनी हलवून उठवला. शिकलेलं डोक्यात बसतं ते झोपेत बसतं. सात तास झोप द्या त्याला. हे मी पोळून निघून सांगतेय.

होटगीरोड_बाबा, रात्री 11.36
लवकर झोपवायचं आणि लवकर उठवायचं, असंच म्हणतोय मी. एकला झोपवून चारला उठवा असं कोण म्हणालं?

पूर्वभाग_अक्का, रात्री 11.44
मोठ्यानं वाचायला जमत नाही आमच्याकडे. वडील रातपाळीला लूमवर जातात, दिवसा झोपतात. खोली एकच. आई त्याच खोलीत विड्या वळत बसते. म्हणून तो मनातल्या मनात वाचतो. झोपतो बाराला, उठतो सहाला. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात असते, आठला घरी आल्यावर त्याचं घेते.

मास्तर_निवृत्त, सकाळी 6.15
हे आधीच लिहायला हवं होतं ताई, यात बरंच कळतं. मी 31 वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, बोर्डाचे पेपरही तपासले. एक सांगा. घरी तुम्ही विचारता म्हणजे नेमकं कसं विचारता? पुस्तक कुणाच्या हातात असतं? तो धडा वाचून किती वेळ झालेला असतो? आणि प्रिलिमची उत्तरपत्रिका परत मिळालीय का?

पूर्वभाग_अक्का, सकाळी 7.02
पुस्तक माझ्या हातात. तो वाचून देतो, लगेच मी खालचे प्रश्न ओळीनं विचारते. उत्तरपत्रिका मिळालीय. भूमितीत निम्मं कोरंच सोडलंय. एका प्रमेयाची आकृती बरोबर काढलीय, मग दोन ओळी लिहून खोडल्यात. मी विचारलं तर म्हणाला, पुस्तकात पीक्यूआर होतं, पेपरात एक्सवायझेड दिलं.

मास्तर_निवृत्त, सकाळी 7.40
दुखणं तुम्हीच सांगितलंत. त्यानं प्रमेय अक्षरांसकट पाठ केलंय, म्हणून अक्षरं बदलली की हात थांबतो. आणि तुम्ही विचारता तेव्हा वाचून पाच मिनिटंही झालेली नसतात, प्रश्नही पुस्तकाच्याच क्रमानं येतात. अशा वेळी कुणीही सांगेल. वाचताना ओळख पटते, तिलाच पोरं पाठांतर समजतात. चौथ्यांदा वाचून काही होणार नाही.
पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल तेवढं लिहायचं. अडला तरी पुस्तक उघडायचं नाही, आधी दोन-तीन मिनिटं झगडू द्या. मग उघडून राहिलेलं लाल पेनानं त्याच कागदावर लिहायचं. उद्याची उजळणी फक्त त्या लाल शाईची. लिहायला आवाज लागत नाही, त्यामुळे वडिलांची झोपही मोडणार नाही.

एमए_मानसशास्त्र, सकाळी 8.10
सरांचं म्हणणं प्रयोगातूनही दिसलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटानं एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चारदा अभ्यासणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं घेतली तेव्हा उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के आठवलं, नुसतं पुन्हा पुन्हा अभ्यासणाऱ्यांना 40. अक्का, तुम्ही रात्री घेता ती पाच मिनिटांनंतरची चाचणी आहे. बोर्डाचा पेपर महिन्यानंतरचा आहे.

आयएमपी_वाला, सकाळी 9.25
एवढं शास्त्र कशाला? महिन्यात प्रयोग करत बसणार का? अपेक्षित संच आणा, आयएमपी प्रश्न पाठ करा. मी तसाच 62 टक्क्यांनी पास झालो. 14 चे 40 करायचे नाहीत, पास व्हायचंय.

मास्तर_निवृत्त, सकाळी 9.50
संच वाईट नसतो, पण वापर कसा होतो ते बघा. पोरं डाव्या पानावरचा प्रश्न वाचतात आणि लगेच उजव्या पानावरचं उत्तर. तोच संच उत्तर झाकून वापरला तर सोनं आहे. भूमितीत पाठांतरावर भागत नाही. 40 गुणांत पर्यायांचे 4, एक गुणाच्या प्रश्नांचे 4, आणि रिकाम्या चौकटी भरायच्या कृतींचे 4 आणि 3 मिळून 7. या 15 गुणांना लांबलचक सिद्धता लिहावी लागत नाही. त्यानं यातले किती सोडलेत?

पूर्वभाग_अक्का, दुपारी 1.35
जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन करून विचारलं. कृती दोन्हीकडच्या सोडल्या. वेळ पुरला नाही म्हणाला, एका रचनेतच अर्धा तास गेला. आणि सर, तुम्ही प्रमेय, रचना म्हणता ते त्याला मराठीत सांगितलं की कळत नाही, मलाच शब्द शोधावे लागतात.

बाळेकर, दुपारी 1.50
म्हणजे सेमी आहे? मी काल रात्रीच मीडियम विचारलं होतं अक्का.

पूर्वभाग_अक्का, दुपारी 1.58
हो, सेमी. चुकलं माझं, घाईत राहिलं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. घरात आम्ही तेलुगू बोलतो.

जुळेसोलापूर_स्नेहा, दुपारी 4.20
मग मी बोलू शकते, मीपण सेमीची आणि घरी कन्नड. मागच्या वर्षी दहावी झाली. माझी गोची अशी व्हायची की कल्पना कळलेली असायची, पण इंग्रजी वाक्य जुळायचं नाही. मग मी आधी घरच्या भाषेत स्वतःला समजावायची आणि नंतर तीच गोष्ट इंग्रजीत दोन छोट्या वाक्यांत लिहायची. विज्ञान एकमध्ये ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ला असंच लिहिलं. बालभारतीच्या साइटवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पुस्तकं फुकट आहेत. धडा मराठीत उघडून समजून घ्यायचा, लिहायचं मात्र इंग्रजीतच.
गणिताला चिठ्ठ्या केल्या होत्या. पुस्तकात सराव संच 3.1 मध्ये सगळी एकाच पद्धतीची उदाहरणं असतात, त्यामुळे कुठली रीत लावायची ते आधीच माहीत असतं. पेपरात तसं सांगणारं कुणी नसतं. मी सगळ्या सराव संचांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत टाकले. रोज सहा काढायच्या. पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं, सहातली दोनच यायची. पण बघा तो करून.

विजापूररोड_काका, संध्याकाळी 5.05
दहावीनंतर डिप्लोमाला टाका मुलाला. अकरावी सायन्सच्या मागं लागू नका. आयटीआयपण चांगलं आहे, माझा पुतण्या फिटर करून एमआयडीसीत लागला. कागदपत्रं आत्तापासून तयार ठेवा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ऐन वेळी लय रांग लागते.

नवीपेठ_आई, संध्याकाळी 5.15
काका, आधी दहावी होऊ द्या त्याची. अक्का, मुलाला गड्ड्याच्या जत्रेला नेऊन आणलंत का? एक संध्याकाळ होम मैदानावर फिरून आला तर काही बिघडत नाही. मी अख्खा जानेवारी घराबाहेर पडू दिलं नव्हतं मुलाला, त्यानं जास्तच धसका घेतला.

होटगीरोड_बाबा, संध्याकाळी 5.40
गड्डा दर वर्षी येतो, दहावी एकदाच.

नवीपेठ_आई, संध्याकाळी 5.44
एका संध्याकाळीनं काय होतंय ओ. दोन तास पाळणे बघून आला की रात्री गाढ झोपेल. आमच्या भागात पाण्याची पाळी रात्री येतेय, त्यातही पोरं जागीच असतात.

मास्तर_निवृत्त, संध्याकाळी 7.10
स्नेहाचं चिठ्ठ्यांचं बरोबर आहे, तसंच करा. मी फक्त क्रम सांगतो. रोज भूमितीच्या सहा चिठ्ठ्या, विज्ञानाचा एक कोरा कागद. आज केलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. एका दिवसात एकच धडा दहा वेळा घासू नका.
प्रमेयाला दर वेळी अक्षरं बदलून द्या. तो पीक्यूआर म्हणाला की तुम्ही केएलएम द्या. सिद्धतेत प्रत्येक पायरीपुढं कंसात कारण लिहायचं, ते पोरं गाळतात आणि गुण जातात. विज्ञानात भिंगांच्या आकृतीत किरणांना बाणच नसतात, तेही मी शेकड्यानं बघितलंय. रविवारी घड्याळ लावून जुना पेपर, पूर्ण 2 तास. आधी पर्याय आणि कृती, मग बाकी. रचनेला 10 मिनिटांवर देऊ नका, अडली तर पुढं जा.
दोन तास शांत जागा मिळत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा, नाहीतर शाळेत वर्गशिक्षकांना सांगा. रिकामा वर्ग मागितला तर कुणी नाही म्हणणार नाही.

आयएमपी_वाला, संध्याकाळी 7.30
उत्तर झाकून वापरायचं म्हणता ते पटलं सर. मी तसं केलं नव्हतं.

पूर्वभाग_अक्का, सहा दिवसांनी, रात्री 9.15
सगळ्यांना कळवायचं राहिलं. कारखान्यातून कटिंगच्या कागदाचे उरलेले तुकडे आणते रोज, मोठे असतात, एका बाजूनं कोरे. पहिल्या दिवशी लेन्सचा धडा लिही म्हटलं तर चार ओळी लिहून कागद ढकलून दिला. म्हणाला, मला काहीच येत नाही, तीनदा वाचलेलं खोटंच होतं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तरी बसवला.
काल कॉन्व्हेक्स लेन्सच्या सहाही आकृत्या न बघता काढ म्हटलं. पाच बरोबर. एफ1 (लेन्सचा फोकस) आणि 2एफ1 (त्याच्या दुप्पट अंतरावरची खूण) च्या मध्ये वस्तू ठेवली की चुकला, प्रतिमा पलीकडच्या बाजूच्या 2एफ2 वरच काढली, त्याच उंचीची. लाल पेनानं 2एफ2 च्या पलीकडे मोठी करून घेतली. आज सकाळी डबा भरताना अचानक तेवढंच विचारलं. पोळी हातात धरून उभा राहिला, बोटानं ओट्यावर रेघ ओढली आणि म्हणाला, पलीकडे, मोठी, उलटी, रिअल. बाण काढायचे का, हेपण त्यानंच विचारलं.
चिठ्ठ्या सहातल्या तीन येतात. रविवारी शाळेनं वर्ग उघडून दिला, त्याच्याबरोबर अजून चार पोरं बसली. भूमितीत 21 आले, मी आणि त्यानं मिळून तपासलं, कारणं नसली तर गुण कापले. कृतींत सातातले सहा मिळाले. गड्ड्यालाही जाऊन आला.

मास्तर_निवृत्त, रात्री 9.30
छान झालं बाळ. त्या चार पोरांनी पुढच्या रविवारी एकमेकांचे पेपर तपासावेत. दुसऱ्याच्या पेपरातलं गळलेलं कारण दिसलं की स्वतः लिहिताना हात आपोआप थांबतो. आणि ज्या तीन चिठ्ठ्या येत नाहीत त्या बरणीत परत टाका, बाहेर ठेवू नका.

जुळेसोलापूर_स्नेहा, रात्री 9.41
पहिल्या दिवशी मीपण कागद ढकलला होता, सांगा त्याला.

पूर्वभाग_अक्का, रात्री 9.48
सांगते. सर, एक राहिलं, इतिहासाला कोऱ्या कागदाचं कसं करायचं? त्यात आकृती नाही, लांब उत्तरं आहेत.

मास्तर_निवृत्त, रात्री 9.55
लांब उत्तर अख्खं लिहून घेऊ नका, हात दुखेल आणि कंटाळेल. प्रश्न वाचून फक्त मुद्द्यांचे चार-पाच शब्द लिहायला सांगा, मग पुस्तकाशी ताडून बघा. आठवड्यातून दोनच उत्तरं पूर्ण लिहायची, तीही वेळ लावून. भूगोलाला भारत आणि ब्राझीलचे कोरे नकाशे घ्या आणि नद्या, शहरं न बघता भरायला लावा.

पूर्वभाग_अक्का, रात्री 9.57
नकाशे उद्या आणते. पाणी आलंय आमच्याकडे, भरून येते.