चिनी जेड आणि स्फटिकाच्या वस्तू नेमक्या कोरतात कशा?

रानजाई: काल रात्री चिनी जेडच्या वस्तूंचे फोटो बघत बसले होते त्यात बीजिंगच्या पॅलेस म्युझियममधला तो जेडचा अख्खा डोंगर दिसला, 224 सेंमी उंच, त्यावर झाडं, कडे, खडक फोडणारी माणसं, सगळं एकाच दगडात. एवढ्या कडक दगडावर छिन्नी मारली तर तो तडकत कसा नाही? आणि स्फटिकाच्या चिमुकल्या तपकिरीच्या कुप्या, तोंडात करंगळीसुद्धा जाणार नाही, त्या आतून पोकळ कशा करतात??

गारगोटी_७: छिन्नी नाहीच लागत हो त्याला. जेड कोरत नाहीत, झिजवतात. पोलादाच्या सुरीने त्यावर चरा पडत नाही, म्हणून वाळू, तामडा, कुरुंद असल्या कडक दगडांची पूड पाण्यात कालवायची आणि पायाने फिरवायच्या यंत्रावर लोखंडी चकती लावून ती पूड दगडावर घासत राहायची. कापते ती पूड, चकती फक्त तिला फिरवते. तुम्ही बघितलेल्या डोंगरावर चिनी दंतकथांमधला राजा यू महापूर आवरतोय. दगड शिनजियांगचा, काम यांगचौच्या कारागिरांचं, चियानलोंग बादशहाच्या काळात 1787 ला पुरं झालं. पायाने चाक मारून हे केलंय, विचार करा! चिनी भाषेत जेड घासूनपुसून घडवण्याचा जो शब्द आहे तोच एखाद्या गोष्टीवर मनात घोळत राहण्यालाही वापरतात, मला हे फार आवडतं.

मंदार_क: वरच्यात एक भर. जेड म्हणजे दोन वेगळे दगड, नेफ्राइट आणि जेडाइट, हा फरक 1863 मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवला. चीनमध्ये हजारो वर्षं चाललं ते नेफ्राइट. त्याचे तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून ते सहजी फुटत नाही. स्फटिक त्याहून कडक पण ठिसूळ, धक्का बसला की टवका उडालाच, म्हणून मला स्फटिकाचं काम जास्त धीराचं वाटतं. तैपेईच्या म्युझियममधला कोरीव दगडी कोबी प्रसिद्ध आहे, तो मात्र जेडाइटचा, जेमतेम 18.7 सेंमी. दगड अर्धा पांढरा अर्धा हिरवा आणि त्यात भेगा, कारागिराने पांढऱ्याचा देठ केला, हिरव्याची पानं केली आणि भेगा शिरांमध्ये जिरवल्या.

अभ्रक: कुपीचं सांगतो. आधी तोंडातून सरळ भोक पाडतात, मग वाकड्या टोकाच्या सळ्या आत घालून त्याच पुडीने भिंती हळूहळू झिजवत न्यायच्या, आतलं धड दिसत नाही, सगळा अंदाज हाताचा. नंतर आतून चित्रं काढायची पद्धत आली तेव्हा वाकडा ब्रश, आणि रंग धरावा म्हणून आतली बाजू आधी खरखरीत करून घ्यायची. बाकी स्फटिकाचा गोळा खरा की काचेचा हे बघायचं तर कागदावर रेघ ओढून गोळ्यातून बघा आणि गोळा फिरवत राहा, खऱ्यात कुठल्या ना कुठल्या बाजूने रेघ दुहेरी दिसते, काचेत कधीच नाही.

रानजाई: मनापासून आभार तिघांचेही. डोंगराचा फोटो परत मोठा करून बघतेय, आता प्रत्येक माणसाच्या मागे ती चकती फिरताना दिसतेय. त्या कोबीचा मागच्या बाजूचा फोटो आहे का कुणाकडे?