विषय: पावसाळ्यात ठाणे–नवी मुंबईला येणाऱ्या गरोदर मुलींसाठी (आणि ज्यांचा विचार चालू आहे त्यांच्यासाठी)

प्रेषक: संपर्क सचिव

नमस्कार मंडळी,

जून ते सप्टेंबर या काळात परदेशातल्या आपल्या मंडळातल्या काही मुली ठाण्याला आणि नवी मुंबईला माहेरी-सासरी राहायला जात आहेत. कुणाला चौथा महिना लागेल, कुणाला सहावा, एकीचा अजून विचार चालू आहे. तपासण्या इकडे वेळच्या वेळी होतात, पण तिकडचा पाऊस, पाणी, खाणं आणि चालायला जागा यांविषयी इकडचे डॉक्टर फारसं सांगू शकत नाहीत. आपल्या यादीवर नौपाड्याच्या डॉक्टरकाकू आहेत, वाशीच्या आहारतज्ज्ञ ताई आहेत, खारघरच्या फिजिओताई आहेत. निघण्याआधी काय उरकायचं आणि तिथे काय सांभाळायचं, ते कृपया नेमकं सांगा.

—

प्रेषक: डॉक्टरकाकू, नौपाडा

जिचा विचार चालू आहे तिच्यापासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त गोष्टी तिच्याच हातात आहेत. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीतून तयार होतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर फॉलिक ॲसिड सुरू केलं की त्याचा मुख्य उपयोग निसटतो. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून, जमल्यास तीन महिने आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या आणि बारावा आठवडा पुरा होईपर्यंत चालू ठेवा. आपल्याकडे दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात देतात. ती मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला कण्याचा दोष असेल तर. बाकीच्यांनी ४०० मायक्रोग्रॅमची मागून घ्यावी, नाहीतर येताना डबी घेऊन यावी.

आधी करायच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची), रक्तातली साखर, रक्तगट आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार पाहून थॅलेसेमियासारखे रक्तदोष ओळखणारी). शेवटची लोक विसरतात. थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे या दोषाची नुसती वाहक असलेल्या, बाईला स्वतःला काहीच जाणवत नाही. हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं आणि लोहाची कमतरता समजून महिनोन् महिने गोळ्या दिल्या जातात. नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची. सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत हे प्रमाण जास्त आहे, पण आपल्यात नसतंच असं समजू नका. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलसाठीही हीच तपासणी करावी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर एमएमआर लस आधीच घ्या आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नका. ही लस गरोदरपणात देता येत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात टीएसएच करा. डोस बहुतेकींचा वाढवावा लागतो. मागच्या खेपेला रक्तदाब वाढला होता, किंवा आधीपासून रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आहे, त्यांनी कमी डोसच्या ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास विचारावं. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालं तरच त्याचा नीट फायदा होतो. मनाने घेऊ नका.

आता पावसाळा. तापाआधी पाण्याबद्दल लिहिते, कारण परदेशातून येणाऱ्या मुलींना हिपॅटायटिस ई हे नावच माहीत नसतं. हा कावीळ करणारा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येतो. इतरांना तो दोन-चार आठवडे अंथरुणात ठेवतो आणि जातो. गरोदर बाईचं यकृत मात्र झपाट्याने निकामी होऊ शकतं; तिसऱ्या तिमाहीत लागण झालेल्यांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. हिपॅटायटिस ए ची लस घेतली असली तरी ती ई वर चालत नाही. म्हणून पाणी उकळूनच. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या, झाकून गार करा, आणि काढायला दांडीचं ओगराळं किंवा नळाचं पिंप वापरा. चूक बहुधा पुढे होते: पाणी उकळलेलं असतं, पण पेला हात घालून बुडवला जातो, किंवा बर्फ बाहेरचा असतो. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, गाडीवरची हिरवी चटणी हे चार महिने नाही म्हणजे नाही. सोसायटीची टाकी पावसाआधी धुतली का, ते सेक्रेटरींना विचारायला लाजू नका.

उलट्या तिसऱ्या महिन्यानंतर थांबल्या आणि सहाव्या-सातव्यात पुन्हा सुरू झाल्या, तर त्या डोहाळ्यांच्या समजू नका. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अन्नावरची वासना उडालेली, असं काही दिसलं तर त्याच दिवशी यकृताची तपासणी.

ताप आला तर पहिल्याच दिवशी तपासणीला रक्त द्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंग्यूची एनएस-१. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत विश्वासार्ह असते, नंतर थांबून केलेली चाचणी फसवते. तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या; आयबुप्रोफेन किंवा त्याचं मिश्रण असलेली गोळी नको, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो आणि गरोदरपणात ती तशीही चालत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. २० ते ३० टक्के डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम उघड्या कातडीवर लावायला हरकत नाही. साचलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायाच्या बारीक भेगेतूनही आत जातात.

—

प्रेषक: आहारतज्ज्ञ, वाशी

काकूंनी पाण्याचं सांगितलंच. मी गोळ्यांच्या वेळांपासून सुरू करते, कारण ठाण्यात काय, परदेशात काय, घोटाळा सगळीकडे तोच.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलंच जात नाही. चहाबरोबर घेतलं तरी तेच. चौथा महिना लागल्यावर सरकारी कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोह (सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) असलेली एक गोळी १८० दिवस देतात, आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. तुमच्या डॉक्टरांचा डोस वेगळा असेल तर तोच घ्या, पण वेळा अशा लावा: सकाळी नाश्त्यानंतर दोन तासांनी लोह, ग्लासभर लिंबू सरबताबरोबर. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. चहा लोहाच्या आधी-नंतर तासभर नाही. थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. पोटात जळजळ होत असेल तर लोह झोपताना घेऊन पाहा. गोळी बंद करण्यापेक्षा हे बरं. शौचाला काळं होणं ठीकच आहे. खडा होत असेल तर पाणी वाढवा, पेरू, भोपळा, पालेभाज्या खा, तरी नाही जमलं तर रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल उलट अडवतो.

किती खायचं? पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही. चौथ्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. एवढंच. वजन किती वाढावं ते सुरुवातीच्या वजनावर ठरतं: साधारण बांध्याच्या बाईचं ११.५ ते १६ किलो, आधीच स्थूल असेल तर ५ ते ९ किलो. माहेरी आल्यावर पहिल्या महिन्यातच तीन-चार किलो चढतात ते बहुतेक साखर आणि मैद्याचे, बाळाचे नव्हेत.

साखरेची चाचणी तिकडे उपाशीपोटी होत असेल. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, जेवून आलात तरी चालतं, आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणाचा मधुमेह. ही पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची. पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर ती चाचणी धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. त्या दोन तासांत फेऱ्या मारू नका, बसून राहा, नाहीतर आकडा खाली येतो.

मासे खाणाऱ्यांना भरपूर आहे: ताजे बोंबील, बांगडा, पेडवे, मांदेली आठवड्यातून दोनदा, पूर्ण शिजवून. मोरी म्हणजे शार्क नको, पारा साठलेला असतो. मोठी सुरमईही क्वचितच. शाकाहारी मुलींनी बी-१२ तपासून घ्यावं. नुसत्या दही-ताकाने भरून येईलच असं नाही. चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत, म्हणजे दोन कप चहाला वाव आहे. गडद फिल्टर कॉफी असेल तर एकच.

—

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

ताई, तुमचं पटलं. पण सुनेसाठी घरी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू करून ठेवायचं चाललंय. शिवाय नवव्या महिन्यात तूप जास्त दिलं की सुटका सोपी होते असं आम्ही ऐकत आलो. पपईचं काय?

—

प्रेषक: आहारतज्ज्ञ, वाशी

काकू, नमस्कार. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरच द्या. आपल्याकडची जुनी रीतही तीच आहे आणि ती पाळण्यासारखी आहे. डिंकाचा लहानसा लाडू नाश्त्याला चालेल, पण त्यातलं तूप-गूळ-खोबरं मोजून. साखर वाढलेली असेल तर दोन्ही नकोत. त्याऐवजी नाचणीची आंबील ताकातली. तूप आतड्यात पचतं, ते गर्भमार्गात पोचत नाही. वरण-भातावर एक चमचा छानच लागतो, पण वाटीभर दिल्याने सुटका सोपी होत नाही, वजन मात्र वाढतं. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळा. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. पण घरात कुणाला धास्ती वाटत असेल तर पेरू आहे, संत्रं आहे. एका फळावरून सून-सासूत वाद नको.

—

प्रेषक: फिजिओताई, खारघर

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून.

जागा: खारघरचं सेंट्रल पार्क, वाशीचं मिनी सीशोअर, ठाण्यात तलावपाळी आणि उपवन. येऊरचा चढ पाचव्या महिन्यानंतर सोडा, तोल जातो. पावसात मात्र यांतली कोणतीही जागा बेभरवशाची. पेव्हर ब्लॉकवर चार दिवसांत शेवाळ धरतं आणि गरोदरपणात गुरुत्वमध्य पुढे सरकलेला असतो, सांधेही सैल असतात. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा पोडियमखाली सकाळी गाड्या निघायच्या आत चाला. पायात मागे पट्टा असलेली सँडल. स्लिपर नको, ती पकडून ठेवायला बोटं आवळली जातात आणि पोटऱ्या दुखतात.

पोटऱ्यांत रात्री गोळे येतात त्यांच्यासाठी: झोपण्याआधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, ३० सेकंद; प्रत्येक पायाला तीनदा. गोळा आलाच तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा. एकाच पोटरीत सतत दुखणं, सूज, गरमपणा असेल तर चोळू नका, दवाखान्यात जा. रक्ताची गाठ असू शकते.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा, ८ ते १० सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकजणी श्वास कोंडतात किंवा नितंब आवळतात, मग नेमका स्नायू कामच करत नाही. धरलेलं असताना मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

जांघेत किंवा कमरेखाली कळ येत असेल तर रिक्षात आधी बसा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. कूस बदलताना गुडघे जुळवून. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताने रेटा द्या. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांची भीती सगळ्या विचारतात. सुरळीत गरोदरपणात धक्क्यांनी गर्भपात होतो असं नाही, पण कंबर नक्की धरते. पाठीमागे उशी घ्या. दुचाकी टाळा, पडण्याच्या भीतीने. कारमध्ये पट्टा पोटाखालून, जांघांवरून, आणि दुसरा छातीच्या मधून.

पाचव्या महिन्यापासून उताणं झोपून करायचे व्यायाम बंद, अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपही कुशीवर. कपालभाती, श्वास कोंडणं, पोटावर झोपायची आसनं नकोत. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं, चक्कर, थांबूनही न थांबणारे आकुंचन यांपैकी काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरकडे.

—

प्रेषक: संपर्क सचिव

मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. सव्वीस आठवड्यांना विमान ठीक का? आणि तिकडच्या सोनोग्राफीला काय लागतं?

—

प्रेषक: डॉक्टरकाकू, नौपाडा

> सव्वीस आठवड्यांना विमान ठीक का?

सगळं सुरळीत असेल तर हो. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात आणि एकाच बाळाला साधारण छत्तीसपर्यंत नेतात, तेव्हा परतीची तारीख आधी पाहा. सीट कडेची, तासाला एकदा उठून फेरी, पोटऱ्यांना दाब देणारे मोजे, भरपूर पाणी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी हे इंजेक्शन साधारण अठ्ठावीसाव्या आठवड्यात असतं; ते तिकडे घेणार की इथे, हे निघण्याआधी ठरवा. मधल्या काळात रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार लागला तर तेव्हा वेगळं लागतं.

> सोनोग्राफीला काय लागतं?

इथल्या डॉक्टरची चिठ्ठी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि फॉर्म एफ या सरकारी नमुन्यावर सही. हे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आहे, तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. परदेशातल्या रक्तचाचणीच्या अहवालात बऱ्याचदा बाळाचं लिंग छापलेलं असतं. तो कागद सोनोग्राफी केंद्रात दाखवू नका आणि तिथे विषयही काढू नका. डॉक्टरला सांगता येत नाही आणि विचारणंही बेकायदेशीर आहे. गुणसूत्रांच्या निकालाचा तेवढाच भाग वेगळा छापून आणा. बाकीचे सगळे अहवाल फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, सर्वांत वर पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी. बाळंतपणाची तारीख तिच्यावरून धरतात, आणि ती नसेल तर नंतर बाळाची वाढ कमी आहे की तारीखच चुकली आहे हे कुणालाच ठरवता येत नाही.