बीगलबोन सगळं बोलतो, पण माझं काही ऐकत नाही (सीरियल कन्सोल)

डिचोलीकर_शिकाऊ:
चवथीला घरी आलोय, प्रोजेक्टचा बीगलबोन ब्लॅक (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड) सोबत आणलाय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलोय. बोर्ड लॅपटॉपला जोडायला सीपी२१०२ चिपवाला यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॅप्टर आहे, ३.३ व्होल्टचा. मिनिकॉम (सीरियल टर्मिनलचा प्रोग्राम) ११५२०० बॉडच्या वेगाला उघडलं की यू-बूटपासून (लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर) लॉगिनपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं, एक अक्षर तुटत नाही. पण लॉगिनपाशी टाइप केलं की काहीच उमटत नाही, एंटरसुद्धा जात नाही. वायर बदलून झाली, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची वायर) उलटे करून झाले (मग तर दिसायचंच बंद झालं, म्हणजे आधीचंच बरोबर होतं), लॅपटॉप रीस्टार्ट करून झाला. बोर्ड गेला काय? दुकानंपण सगळी बंद आहेत आता.

वेर्ण्याचा_सोल्डरवाला:
दिसतंय म्हणजे बॉड रेट बरोबर आहे आणि ग्राउंडही लागलेला आहे, ते सोड. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, तिथे हार्डवेअर फ्लो कंट्रोल (समोरून हो आल्यावरच पाठवायचं) येस असणार, एफ दाबून नो कर. तू तीनच वायरी लावल्यास, सीटीएस (ते हो सांगणारी वायर) कुठेच जोडलेली नाही, आणि अ‍ॅडॅप्टर बसलाय तिकडून हो म्हणायची वाट बघत. वाचायला परवानगी लागत नाही म्हणून दिसतं सगळं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात हे होतंच.

डिचोलीकर_शिकाऊ:
येसच होतं!! नो केलं. पण दादा अजून तसंच, काही जात नाही 😩

माडाखालचा_लिनक्स:
आता अंदाज नको, अर्धं अर्धं करत जाऊ. बोर्डाकडच्या वायरी काढ, अ‍ॅडॅप्टरचे टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोड आणि टाइप कर. अक्षरं परत आली तर लॅपटॉप, मिनिकॉम, अ‍ॅडॅप्टर तिघेही सुटले. मग बोर्ड जोड, रीसेट कर आणि यू-बूट काउंटडाउन करतो तेव्हा स्पेस दाबत राहा. तिथे थांबला आणि लिनक्समध्ये मात्र ऐकत नसेल तर गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) किंवा पिनमक्स (कुठल्या पिनेने काय काम करायचं ती सेटिंग) बघायचं. यू-बूटपण थांबला नाही तर लिनक्सच्या वाटेला जाऊच नको, दोष वायरीत किंवा पिनेत. आणि बोर्डावरच्या जे१ ह्या सीरियलच्या पिनांवर एक नंबर ग्राउंड, चार आरएक्स, पाच टीएक्स. अ‍ॅडॅप्टरचा टीएक्स चारवर आहे ना?

डिचोलीकर_शिकाऊ:
जोडून बघितलं, अक्षरं येतात. चारवरच आहे. यू-बूट थांबत नाही. पण वायर मी पहिल्याच दिवशी बदलली होती ना.

माडाखालचा_लिनक्स:
बदललीस तेव्हा फ्लो कंट्रोल चालूच होता, सोन्याची वायर लावली असतीस तरी काही गेलं नसतं. ती तपासणी धरायचीच नाही. आणि आता कुठली वायर आहे, जुनी की नवी?

डिचोलीकर_शिकाऊ:
जुनी 🤦 नवीने फरक पडला नाही म्हणून परत जुनीच लावली होती. आता मीटर लावला, बीपच नाही. टोकाचं काळं प्लॅस्टिक काढलं तर आतली पत्र्याची क्लिप हिरवी पडलीय, नखाने खरवडली तर पूड निघाली. जून महिन्यापासून खिडकीतल्या डब्यात होत्या ह्या वायरी. नवी लावली आणि लॉगिन झालं!! देव बरें करूं दोघांचंही.

वेर्ण्याचा_सोल्डरवाला:
गोव्यातला पावसाळा आणि उघड्या जंपर वायरी, काय होणार दुसरं. सिलिकाच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेव. आणि मिनिकॉम बंद करायच्या आधी सेव्ह सेटअप अ‍ॅज डीएफएल (म्हणजे डिफॉल्ट) कर, नाहीतर उद्या उघडलंस की फ्लो कंट्रोल परत येस. सेव्ह होत नसेल तर सुडो लावून मिनिकॉम मायनस एस ने उघड.

माडाखालचा_लिनक्स:
किंवा पिकोकॉम (मिनिकॉमसारखाच प्रोग्राम) घाल, त्यात फ्लो कंट्रोल मुळातच बंद असतो. मी मिनिकॉम कधीच सोडलं.

डिचोलीकर_शिकाऊ:
सेव्ह केलं. आई नेवऱ्या तळायला बोलावतेय, बाकीचं उद्या.